ओठावर उठलेला ताप

आमच्या पेठेत कुणाच्या ओठाच्या कडेला फोड दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काल काय खाल्लंतंस?" तांबडा रस्सा, मिसळीचा कट, खर्डा, यातलं काहीतरी पोटात गेलेलं असतंच, कारण इथं ते जातंच. मग निदान व्हायला वेळ लागत नाही. अंगात उष्णता झालीय, ती ओठावाटे बाहेर पडतीय. कुणी ताप फुटला म्हणतं, कुणी जर उठली म्हणतं. आमच्या आत्ती तर अजूनही सांगतात की रात्री झोपेत झुरळ चाटून गेलं असणार.

मला हे फोड शाळेत असल्यापासून येतात. आईला यायचे, मामाला अजून येतात. त्यामुळं हे दुखणं मी कायम जवळून बघत आलेय, आणि त्यावर घरोघरी काय काय लावलं जातं तेही. फोडावर काय लावायचं याची चर्चा आपण फार करतो. तो ओळखायचा कधी, आणि तो असताना कुणाच्या जवळ जायचं नाही, हे मात्र कुणी कुणाला सांगत नाही. माझ्या मते घरचा खरा इलाज तिथं आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी काहीच दिसत नाही. ओठाची लाली संपून कातडी सुरू होते त्या रेघेवर एका जागी चुणचुण होते, मुंगी रेंगाळल्यागत. जीभ सारखी तिकडं जाते. काही तासांनी तेवढीच कातडी ताठते, बोटाला गरम लागते. दुसऱ्या दिवशी आरशात बघावं तर एकमेकींना चिकटलेल्या बारीक पुटकुळ्या, आत नितळ पाणी. एकदोन दिवसांत त्या फुटतात, लस येते, उघडी जखम राहते. हा सगळ्यात दुखरा काळ, चहाचा कप टेकवला तरी टोचतो. मग पिवळट खपली धरते. जांभई दिली, जरा मोठ्यानं हसलं की ती चिरते आणि पुन्हा रक्त दिसतं. साधारण सात ते दहा दिवसांत, काहींना दोन आठवड्यांत, खपली आपोआप पडते आणि खाली गुलाबी कातडी येते. बहुतेक वेळा डागही राहत नाही. म्हणजे काहीही न लावता हा फोड बरा होतो. म्हणूनच त्यावर लावलेल्या प्रत्येक गोष्टीला 'गुण आला' असं श्रेय मिळत गेलंय.

याच्या मागं असतो तो हर्पीस सिम्प्लेक्स नावाचा विषाणू, प्रकार एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे जवळपास ६४ टक्क्यांच्या अंगात तो आहे. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो, घरातल्याच कुणाच्या तरी मायेच्या मुक्यातून. अनेकांना जन्मभर एकही फोड येत नाही. पण एकदा शिरलेला हा विषाणू पुन्हा बाहेर जात नाही. चेहऱ्याची संवेदना वाहणारी जी मोठी नस आहे, तिची गाठ कानाच्या पुढं, कवटीच्या तळाशी असते. तिथं जाऊन तो निपचित पडून राहतो. शरीर कुठं कमी पडलं की त्याच नसेवरून परत खाली उतरतो. म्हणून फोड बहुधा दरवेळी त्याच जागी उठतो. रश्श्याचा यात दोष नाही. तिखट उघड्या जखमेला झोंबतं, इतकाच त्याचा संबंध.

मग तो उठतो कशानं? ताप हे एक ठळक कारण. पंचगंगेला पूर येऊन गेला की आमच्याकडं घराघरात थंडीतापाचे पेशंट असतात आणि ताप उतरताना निम्म्यांचे ओठ उठलेले असतात. जागरण, परीक्षा, घरातलं आजारपण, पाळीचे दिवस, दाताचं मोठं काम, कडाक्याची थंडी ही आणखी काही. पण ज्याकडं आपलं लक्षच जात नाही असं कारण म्हणजे ऊन. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्यांसोबत दिवसभर उन्हात उभं राहिलेल्या माणसाच्या ओठावर दोनतीन दिवसांनी फोड येतो. मग घरात कुजबुज सुरू होते की देवाचं काही राहिलं का, गुलाल बाधला का. उन्हातल्या अतिनील किरणांनी ओठाची नाजूक कातडी भाजते आणि आत निजलेला विषाणू जागा होतो, हे त्याचं साधं कारण. माझ्या मामांना दर यात्रेनंतर हा त्रास व्हायचा. आता ते डोक्याला फेटा बांधतात आणि सनस्क्रीन असलेला लिप बाम, एसपीएफ तीस किंवा त्याच्या वरचा, दर दोनएक तासांनी लावतात. पुरुषमाणसानं ओठाला बाम लावायचा म्हणून सुरुवातीला घरातले हसले होते. आता त्यांच्या भजनी मंडळातल्या दोघांच्या खिशात तसल्याच कांड्या असतात.

आता लावायच्या गोष्टींकडं येते, कारण यावरूनच घराघरात वाद होतात.

आत्तींचा पहिला उपाय साजूक तूप. त्या कापसाच्या बोळ्यावर थेंबभर घेऊन खपलीवर टेकवतात, चोळत नाहीत. हा उपाय मला पटतो. तुपानं विषाणू मरत नाही, पण खपली मऊ राहते, चिरत नाही, दुखणं कमी होतं. पेट्रोलियम जेली हेच काम करते. एकच काळजी : डबीत बोट घालून तेच बोट फोडाला लावायचं आणि पुन्हा डबीत घालायचं, असं करू नये. कापूस किंवा कानातली काडी घ्यावी, वापरून टाकून द्यावी, आणि लगेच हात साबणानं धुवावेत.

बर्फाचा उपयोग पहिल्या एकदोन दिवसांत होतो. सुती रुमालात गुंडाळून, पाचेक मिनिटं, दिवसातून तीनचारदा. थेट कातडीवर धरला तर थंडीनंच कातडी भाजते. ठणका जास्त असेल तर पॅरासिटामॉलची साधी गोळी. कोरफडीचा गर, उगाळलेलं चंदन यांनी गार वाटतं. कुणाला बरं वाटत असेल तर मी आड येत नाही. फक्त सहाणेवर ताजं उगाळावं, वाटीत दोन दिवस पडलेलं लावू नये. हळद मात्र उघड्या जखमेवर भरून ठेवण्यात अर्थ दिसत नाही. खपली जाड होते, पिवळी दिसते आणि खाली पू झालाय की नाही तेच कळत नाही.

मधाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. न्यूझीलंडमध्ये मेडिकल दुकानांमार्फत ९५२ जणांवर एक मोठी चाचणी झाली आणि २०१९ साली ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना असायक्लोविर या विषाणूवरच्या औषधाचं मलम दिलं, निम्म्यांना तिकडच्या कानुका नावाच्या झाडाच्या मधापासून बनवलेलं मलम. फोड पूर्ण बरा व्हायला असायक्लोविरवाल्यांना साधारण आठ दिवस लागले, मधवाल्यांना नऊ. दोघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. आजीच्या मधाला यानं आधार मिळाला असं वाटू शकतं, पण तो मध औषधासाठी शुद्ध केलेला होता, बाजारातल्या बाटलीतला नव्हता. आणि असायक्लोविरच्या मलमानंही फार मोठी मजल मारलेली नव्हती, हाही त्याचा अर्थ आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, हे इथंच सांगून ठेवते. त्याला त्यातून जिवावरचं दुखणं होऊ शकतं.

जे अजिबात करू नये तेही याच घरांत चालतं. चुना लावतात, टूथपेस्ट थापतात, लिंबू चोळतात, मिठाचा खडा दाबतात, आणि फोड लवकर 'बसावा' म्हणून सुईनं टोचतात. चुन्यानं आणि पेस्टनं कातडी भाजते, फोड वाळल्यासारखा दिसतो एवढंच. सुईनं पाणी बाहेर येतं, आणि त्या पाण्यातच विषाणू सगळ्यात जास्त असतो. तो बोटाला लागतो. बोटाच्या टोकाला, नखाशेजारी हाच फोड उठला तर त्याच्या ठणक्यानं माणूस रात्रभर झोपत नाही.

आमच्या जाऊबाईंना एका मेडिकलमधून न विचारताच खाजेचं मलम दिलं गेलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण असं सगळीकडंच घडतं. त्या मलमात स्टेरॉइड होतं. दोन दिवस लाली ओसरल्यासारखी वाटली, मग फोड नाकाच्या खालपर्यंत पसरला. स्टेरॉइड त्या जागची प्रतिकारशक्ती दाबतं आणि विषाणूला मोकळं रान मिळतं. ट्यूबवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचावं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल असले शब्द दिसले तर ती ट्यूब या फोडासाठी नाही.

या फोडासाठीची ट्यूब म्हणजे असायक्लोविर, पाच टक्क्यांची. औषध जुनं आहे, स्वस्त आहे, पण त्याची कहाणी मला फार आवडते. गर्ट्रूड एलियन नावाच्या अमेरिकन बाई. पंधराव्या वर्षी आजोबा कॅन्सरनं गेले तेव्हा त्यांनी रसायनशास्त्र शिकायचं ठरवलं. बाई म्हणून प्रयोगशाळेतली नोकरी मिळेना, पीएचडी कधी पुरी झाली नाही. १९७० च्या दशकात त्यांच्या चमूनं या औषधाचं काम उलगडलं, आणि १९८८ साली त्यांना आणखी दोन शास्त्रज्ञांबरोबर नोबेल मिळालं. या औषधाची खुबी अशी की निरोगी पेशीत ते जवळजवळ झोपून असतं. विषाणू शिरलेल्या पेशीत विषाणूचंच एक विकर (एन्झाइम) त्याला जागं करतं, आणि जागं झालं की ते विषाणूला स्वतःच्या नकला काढू देत नाही. विषाणूनं स्वतःच्याच हातानं आपला बंदोबस्त करून घ्यावा, असं हे काम.

पण नकला काढून झाल्यावर हे औषध काय करणार? वेळेचं महत्त्व इथं येतं. चुणचुण सुरू झाली त्याच तासाला लावायला सुरुवात केली, दिवसातून पाच वेळा, चारपाच दिवस, तर अर्धा ते एक दिवस वाचतो, कधी फोड लहान राहतो. खपली धरल्यावर लावलेलं मलम जवळजवळ वाया जातं. आपल्याकडं नेमकं उलटं होतं : पहिले दोन दिवस तूप, मग चंदन, मग चुना, आणि सगळं करून झाल्यावर, "आता मेडिकलमधून काहीतरी आण जा." ज्यांना वरचेवर होतं त्यांनी ट्यूब आधीच डॉक्टरांना विचारून आणून ठेवावी, तारीख बघून. पोटातून घ्यायच्या गोळ्या जास्त लागू पडतात, पण त्या डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नकोत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण बदलावं लागतं.

तोंड आलंय आणि ओठ उठलाय, यात लोक गल्लत करतात. गालाच्या आत, जिभेवर येणारे पांढरे व्रण वेगळे, ते कुणाकडून कुणाला लागत नाहीत. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत पडणाऱ्या चिराही वेगळ्या. शंखजिरं, जायफळ हे तोंड येण्यावरचे जुने उपाय. ते ओठाच्या फोडावर आणू नयेत.

आता लाजेबद्दल. माझ्या भाचीचा बघण्याचा कार्यक्रम ठरला आणि आदल्या दिवशी ओठ उठला. तिनं मोबाइलवर हर्पीस हा शब्द शोधला आणि रडत माझ्याकडं आली. तिथं लैंगिक आजाराचं वर्णन होतं. मी तिला समोर बसवून नीट सांगितलं. या विषाणूचे दोन प्रकार आहेत. ओठावर येतो तो बहुतेक वेळा पहिला, आणि तो बालपणीच घरात मिळतो. तो मुखमैथुनातून खाली जाऊ शकतो, हे खरं आहे आणि तेही तिला कळायला हवं होतं, म्हणून तेही सांगितलं. पण ओठावर फोड आला म्हणून कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवता येत नाही. जगातल्या निम्म्याहून जास्त माणसांच्या अंगात असलेल्या गोष्टीसाठी एका पोरीनं तोंडावर स्कार्फ बांधून कोपऱ्यात बसावं, याचा मला संताप येतो. तिनं मुलाकडच्यांना फोन करून आठवडाभरानं या म्हणून सांगितलं, कारणासकट. ते आले.

लाज नको असलेल्या ठिकाणी आपण लाजतो, आणि जिथं भ्यायला हवं तिथं भीत नाही. बारशाला जमलेल्या बायका बाळाला हातोहात फिरवतात, प्रत्येक जण गालाचा, हाताचा मुका घेते. नुकत्या जन्मलेल्या बाळाला हा विषाणू लागला तर तो कातडीवर थांबत नाही. मेंदूत, यकृतात पसरू शकतो, बाळ दगावू शकतं. पहिल्या महिना-दीड महिन्यात धोका सगळ्यात मोठा. मोठ्यांचा क्षुल्लक फोड आणि बाळाचं मरण यांच्यात एका मुक्याचं अंतर असतं, हे लिहिताना माझा हात जड होतो, पण लिहिणं भाग आहे. खपली वाळून पडेपर्यंत बाळाला तोंड लावायचं नाही, बाळाच्या दुपट्याला तोंड पुसायचं नाही. आईलाच फोड आला असेल तर दूध पाजणं बंद करायची गरज नाही, फक्त स्तनावर फोड नसावा. हात धुवावेत, तोंडाला मास्क बांधावा, मुका घेऊ नये. आमच्या घरातल्या बारशाला आत्तींचा ओठ उठला होता. त्या स्वतःहून म्हणाल्या, "मी लांबनंच बघतो की. गाणं म्हणायला तोंड लागतंय, बाळ कशाला लागतंय?" आणि उंबऱ्याजवळ बसून पाळणा म्हणाल्या.

थोड्या मोठ्या लेकराला, सहा महिने ते पाच वर्षांच्या, हा विषाणू पहिल्यांदा लागतो तेव्हा कधीकधी सगळं तोंडच सोलतं. हिरड्या सुजून लाल होतात, ताप चढतो, लाळ गळते, पोरगं घास घेत नाही. आपण दात येतायत म्हणून बसतो. गार पाणी, गार दूध चमच्यानं द्यावं, आणि सहा-आठ तास लघवी झाली नाही, पोर मलूल पडलं, तर वाट न बघता डॉक्टरांकडं न्यावं.

कोल्हापुरात या विषयावर लिहायचं तर तालमीत शिरावंच लागतं. आमचा पुतण्या पैलवानकी करतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्या कपाळाच्या उजव्या बाजूला, भुवईच्या वर, पुटकुळ्यांचा झुबका उठला. तालमीतल्या पोरांनी सांगितलं, मातीनं झालंय, माती जुनी झालीय. आता आपल्या आखाड्यातली तांबडी माती म्हणजे काय साधी असते? ताक, तूप, हळद, लिंबू, कापूर घालून ती महिनोन्महिने मळलेली असते. पोरं तिला पाया पडून उतरतात. माझा मातीवर राग नव्हता, आणि तो असायचं कारणही नव्हतं. हा विषाणू मातीतून नाही, कातडीतून कातडीत जातो. खडाखडीत दोघं कपाळाला कपाळ लावून उभे राहतात, गर्दनखेच करताना मानेला मान घासते, कातडीला बारीक ओरखडे पडतात, आणि एकाच्या ओठावरचा फोड दुसऱ्याच्या कपाळावर जातो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९८९ साली शाळकरी पैलवानांच्या एका शिबिरात १७५ पोरांपैकी ६० जणांना हे झालं होतं, बहुतेकांना चेहऱ्या-डोक्यावर. तिकडच्या डॉक्टरांनी या आजाराला पैलवानांच्याच नावानं ओळखायला सुरुवात केली त्याला तर त्याच्याही आधी बरीच वर्षं झाली होती.

वस्तादांना हे सांगायला मी दिरांबरोबर गेले. बायकामाणूस तालमीच्या आत जात नाही, म्हणून बाहेर कट्ट्यावर बोलणं झालं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "वैनी, दाद-खाज झाली तर आम्ही पोराला मातीत घेत न्हाई. ह्याला मात्र ताप फुटलाय म्हणून सोडत आलो." त्यांनी त्याच संध्याकाळी आत जाऊन सांगितलं : ओठ, मान, कपाळ, कुठंही असलं उठलं की आधी सांगायचं, जोर-बैठका बाजूला मारायच्या, जोड लावायची नाही. अंग पुसायचा पंचा ज्याचा त्यानं आणायचा. ज्यानं सांगितलं त्याला कुणी चिडवायचं नाही, हे त्यांनी स्वतःच जोडलं, मी सुचवलं नव्हतं.

पुतण्याला डॉक्टरांनी सगळ्यात आधी डोळा तपासून घ्यायला पाठवलं. भुवईजवळचा फोड, आणि डोळा लाल, दुखरा, उजेड सोसेना असं झालं तर काळ्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर जखम होते आणि नजर अधू होऊ शकते. तिथं घरगुती काही नाही, थेंबसुद्धा विचारल्याशिवाय नाहीत. अंगावर इसब असलेल्यांनी, कॅन्सरचं औषध चालू असलेल्यांनी, एचआयव्ही असलेल्यांनी आणि दोन आठवड्यांत खपली न पडलेल्यांनीही घरात वेळ काढू नये. पुतण्याचा डोळा सुदैवानं स्वच्छ निघाला. गोळ्या दिल्या, नवी पुटकुळी उठायची थांबली, खपल्या पूर्ण वाळल्या, तेव्हा तो पुन्हा मातीत उतरला. वर्षात पुन्हा पुन्हा उठत असेल तर काही महिने रोज गोळी घेऊन ते दाबून ठेवता येतं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. हिवाळ्यात मैदानं सुरू व्हायच्या आधी त्याबद्दल बोलायला त्यांनी बोलावलंय, आणि त्यानं तालमीतल्या आणखी एका पोरालाही बरोबर यायला तयार केलंय.